टेबलापलीकडून : का सोडली, काय केलं, किती हवेत?

गेल्या महिन्यात या सदरात मी सहज लिहून गेलो की मुलाखतीतला अवघड प्रश्न बहुतेक वेळा उमेदवारानेच बायोडेटातून आणलेला असतो. त्यावर पत्रांचा ढीग पडला. ‘माझ्या बायोडेटात तसं काहीच नाही’ असंही एकाने कळवलंय. काहीच नाही, हाही प्रश्नच झाला की.

नव्या वाचकांसाठी एवढंच, की १९८७ साली मी भोसरीतल्या एका कारखान्यात टाइम ऑफिसचा, म्हणजे कामगारांच्या हजेरीचा, कारकून म्हणून लागलो आणि एकतीस वर्षांनी त्याच धंद्यातून निवृत्त झालो. कारखाना मध्येच चाकणला हलला, पर्सोनेल खात्याचं नाव एचआर झालं, माझं टेबल मात्र तेच राहिलं. त्या टेबलाच्या पलीकडे बसून जे पाहिलं, तेवढंच मी सांगू शकतो.

प्रश्न : मी इस्लामपूरचा. मेकॅनिकल डिप्लोमा, वय २६. चाकणला सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. अकरा महिन्यांत सोडली. खरं कारण असं की, बोअर (भागातलं भोक) मोठा झालेला माल सुपरवायझरने ‘पास कर, गाडी उभी आहे’ म्हणून सांगितला. मी सही केली नाही. मग रोज काहीतरी कुरापत. शेवटी राजीनामा दिला. सात महिने घरी आहे. तीन मुलाखती झाल्या. पहिल्या ठिकाणी खरं सांगितलं तर त्यांचे चेहरे पडले. दुसऱ्या ठिकाणी ‘वडील आजारी होते’ म्हणालो, तर त्यांनी ‘आता कसे आहेत?’ विचारलं आणि मी अडखळलो. तिसऱ्या ठिकाणी ‘बेटर अपॉर्च्युनिटीसाठी’ म्हणालो, तर ते हसले. काय सांगायचं?

उत्तर : तिसऱ्या ठिकाणी मीही हसलो असतो. चांगल्या संधीसाठी नोकरी सोडणारा माणूस सात महिने घरी नसतो, एवढा हिशेब कोणालाही येतो. आणि धडधाकट वडिलांना मुलाखतीपुरतं आजारी पाडू नका. तशी थाप एका वाक्यात संपत नाही. पुढच्या मिनिटाला डॉक्टरचं नाव लागतं, मग दवाखान्याचं गाव. तारखांचंही तेच. अकरा महिन्यांचे अठरा करून सांगण्याचा मोह होतो, पण पीएफच्या यूएएन क्रमांकावर कुठे कधी लागलात आणि कधी सोडलीत ते दिसतं.

आता पहिली मुलाखत. तिथे तुम्ही खरं बोललात, पण सुरुवात कोणापासून केलीत? पत्रावरून माझा अंदाज आहे की सुपरवायझरपासून. पत्रातही खरं कारण सांगताना पहिल्याच वाक्यात तो आहे. टेबलापलीकडे बसलेल्याला तुमच्या हकिगतीत दोन गोष्टी ऐकू येऊ शकतात. ‘हा मुलगा खराब माल पुढे सोडत नाही’ ही एक. ‘याचं वरिष्ठाशी पटत नाही आणि पटलं नाही की हा निघून जातो’ ही दुसरी. त्यातली कोणती आधी कानावर पडते, ते तुमच्या पहिल्या वाक्यावर ठरतं. त्या पॅनेलमध्ये एखादा प्रॉडक्शनवाला नक्की बसला असणार, पैज लावतो. महिनाअखेरीला गाडी दारात उभी करून ‘पास कर’ म्हणणारा माणूस तोही कधीतरी होता. चेहरा त्याचा पडला.

म्हणून सुरुवात माणसापासून नको, नगापासून करा. तुमच्या पत्रात मापं नाहीत, म्हणून आमच्या जुन्या क्वालिटी मॅनेजरना फोन करून मी उदाहरणादाखल आकडे घेतले. तुमचे खरे आकडे तुम्ही घाला.

‘ड्रॉइंगवर बोअर २५ एच-सेव्हन होता. म्हणजे २५.००० ते २५.०२१ मिलिमीटर. डायल बोअर गेजवर मला २५.०३० च्या पुढे रीडिंग येत होतं. गेजच चुकत असेल म्हणून मास्टर रिंगवर पुन्हा सेट केला. पाच नग घेतले, पाचही बाहेर. बोअर लहान असता तर पुन्हा मशीनवर लावता आला असता, मोठा झाला होता. मी इन्स्पेक्शन रिपोर्टवर सही केली नाही.’

एवढं बोलून गप्प बसा. यात कोणी चांगला नाही, कोणी वाईट नाही. शिवाय ‘मी प्रामाणिक आहे’ हे तुम्ही म्हणालेलाच नाहीत. (हा शब्द उमेदवाराच्या तोंडून आला की माझी पेन्सिल आपोआप कागदावर आपटायची.) आमचे क्वालिटी मॅनेजर म्हणाले, ‘मास्टर रिंगवर गेज पुन्हा सेट केला, एवढ्या एका वाक्यावर मी त्याला पुढचे प्रश्न विचारले असते.’ खरोखर केला असेल तरच सांगा म्हणा.

पण अवघड प्रश्न यापुढे आहे, आणि त्याची तयारी तुम्ही केलेलीच नाही. ते विचारणार : ‘सही नाकारलीत. मग पुढे काय केलंत?’ माल लाल टॅग लावून वेगळा ठेवला का? क्वालिटी हेडच्या कानावर घातलं का? ग्राहकाकडून डेव्हिएशन मागायचं सुचवलंत का? कारखान्यात काम केलेल्याला ठाऊक असतं की मापाबाहेरचा माल कधीकधी ग्राहकाच्या लेखी परवानगीने जातोसुद्धा. तो रस्ता तुम्ही दाखवला होता का, की नुसताच नकार देऊन उभे राहिलात? केलं असेल तर सांगा. नसेल केलं, तर म्हणा, ‘तेव्हा मला सुचलं नाही. आज तसंच झालं तर आधी माल वेगळा करीन, क्वालिटी हेडना लेखी कळवीन, आणि डेव्हिएशन मिळतंय का ते बघू या म्हणेन.’ या उत्तराला मी मनात जास्त मार्क दिले असते. नकार देणारे पुष्कळ भेटतात. दुसरा रस्ता शोधून ठेवणारे कमी.

मग येईल : ‘सुपरवायझरबद्दल काय मत आहे?’ हा सापळा असतो. ‘त्यांच्यावर डिस्पॅचचा दबाव होता’ एवढंच म्हणायचं. ‘माल कोणत्या ग्राहकाचा होता?’ असं विचारलं तर नाव सांगू नका. ‘ते सांगणं बरोबर होणार नाही, सर.’ आज त्यांचं नाव इथे सांगणारा उद्या आमचं नाव दुसरीकडे सांगेल, हे त्यांनाही कळतं.

सात महिन्यांचं काय? घरचा ऊस असेल आणि शेतात राबला असाल तर तसं सांगा. ‘अपस्किलिंग करत होतो’ म्हणालात तर विचारतील काय शिकलात, आणि मग पुन्हा वडिलांच्या आजारासारखं होईल.

एक गोष्ट बजावून सांगतो. उत्तर लिहून पाठ करू नका. वहीत तो दिवस लिहा : तारीख, कोणती पाळी, कोणता भाग, किती नग, रीडिंग काय, बाजूला कोण होतं. मग ती हकिगत तीन वेगवेगळ्या माणसांना तोंडी सांगा. एकदा आईला, एकदा मित्राला, एकदा तुमच्या पॉलिटेक्निकच्या सरांना. आईला सांगताना एच-सेव्हन म्हणजे काय ते समजावावं लागेल, तेव्हाच तुम्हालाही ते नीट कळेल. तिन्ही वेळा शब्द वेगळे आले तर तयारी झाली. माझ्यासमोर एक मुलगा ‘तुमची कमजोरी काय?’ याचं उत्तर घडाघडा म्हणत होता. मध्येच फोन वाजला म्हणून मी त्याला थांबवलं. फोन ठेवला, तर त्याने पहिल्या वाक्यापासून पुन्हा सुरू केलं. पाढा मध्येच तुटला की पोरं ‘बे एके बे’पासून सुरू करतात ना, तसं.

आणि हेही सांगतो की सगळं नीट सांगूनही काही कंपन्या तुम्हाला घेणार नाहीत. त्यांना सही करणाराच हवा असतो. तिथे लागला असतात तर अकरा महिन्यांनी पुन्हा मला पत्र लिहिलं असतंत.

प्रश्न : मी डोंबिवलीत राहते. वय ४१, एम.कॉम. फोर्टमधल्या एका फर्ममध्ये आठ वर्षं अकाउंट्सचं काम केलं. २०१६ मध्ये धाकटीच्या वेळी सोडलं. मग सासूबाईंचं मोठं आजारपण झालं. आता ठाण्यात नोकरी शोधतेय. ‘एवढी वर्षं काय केलंत?’ याला काय सांगू? आणि ‘मुलं आजारी पडली तर?’ असंही विचारतात. राग येतो, पण नोकरी हवी आहे. मध्ये तीन वर्षं आमच्या सोसायटीची खजिनदार होते, पण ते काही कोणी नोकरीत धरत नाही.

उत्तर : ताई, घरी बसलेली वर्षं तुम्हाला छळताहेत, पण टेबलावरच्या अकाउंट्सवाल्याची नजर तुमच्या कागदावर दुसरीकडेच थांबते. ती २०१६ या आकड्यावर. जीएसटी आला १ जुलै २०१७ ला. म्हणजे तुम्ही व्हॅट आणि सर्व्हिस टॅक्सच्या काळातून बाहेर पडलात आणि जीएसटीचं एकही रिटर्न तुमच्या हातून गेलेलं नाही. तुमचा अवघड प्रश्न हा आहे. ‘काय केलंत’ हे विचारणारा एचआरचा असतो. ‘थ्री-बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, भरलंय का कधी?’ असं विचारणारा निर्णय घेतो.

तेव्हा तयारी तिथून. विक्रीचं रिटर्न आर-वन ११ तारखेला, थ्री-बी २० तारखेला, या तारखा झोपेत विचारल्या तरी यायला हव्यात. पुरवठादारांच्या रिटर्नवरून तयार होणारं टू-बी खरेदीच्या रजिस्टरशी कसं जुळवायचं आणि पुरवठादाराने आपलं रिटर्न भरलं नाही तर आपलं खरेदीवरच्या कराचं क्रेडिट का अडकतं, हे एका वाक्यात सांगता यायला हवं. ई-इनव्हॉइस पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना लागतं. सप्टेंबर २०२५ मध्ये दर बदलले, १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जवळजवळ गेले, तेही वाचून ठेवा. टॅलीचं रूपही बदललंय, तुमच्या वेळचं ईआरपी नाइन जाऊन २०२० च्या शेवटी प्राइम आलं. टीडीएस भरायची ७ तारीख तेवढी तुमच्या ओळखीची निघेल.

पुस्तकातून हे येत नाही. डोंबिवलीत टॅक्स कन्सल्टंटांची काय वानवा आहे? एखाद्याकडे दोन महिने, मिळेल त्या पैशांत, रोज चार तास जा. दोन महिने म्हणजे दोन वेळा २० तारीख बघायला मिळेल. शेवटच्या दिवशी पोर्टल रखडतं तेव्हा ऑफिसात काय तारांबळ उडते, ते एकदा पाहिलेल्या बाईचं बोलणं वेगळं असतं.

आता घरी बसलेली वर्षं. त्यांना एकच वाक्य द्या : ‘मुली लहान होत्या आणि सासूबाईंचं आजारपण होतं म्हणून घरी होते, आता पूर्ण वेळ काम करू शकते.’ झालं. माफी नको, खुलासा नको. माझ्यासमोर बायका या प्रश्नावर दहा-दहा मिनिटं बोलल्यात. एकीच्या डोळ्यांत पाणी आलं, आम्ही तिघंही पुरुष कागदांत डोकं घालून बसलो आणि नंतर तिच्या टॅलीबद्दल विचारायचं राहूनच गेलं. आणि क्लासवाले शिकवतात तसं ‘घर चालवणं हेच मोठं मॅनेजमेंट आहे’ असलं काही म्हणू नका. खरं असलं तरी त्या खोलीत ते केविलवाणं वाटतं.

सोसायटीची खजिनदारी मात्र तुम्ही पत्राच्या शेवटच्या ओळीत ढकललीत, ती बायोडेटात वर आणा. कोणी धरत नाही असं तुम्हाला कोणी सांगितलं? किती सदनिका, महिन्याला किती बिलं, थकबाकीवर व्याज कसं लावत होतात, सिंकिंग फंड कुठे गुंतवला, ऑडिटरने काय हरकती काढल्या, हे सगळं हिशेबाचंच काम आहे. आणि तिथे जीएसटीही भेटला असेल की! महिन्याचा मेंटेनन्स सदस्यामागे साडेसात हजारांच्या वर आणि सोसायटीची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या वर असेल, तर जीएसटी लागतो. तुमच्या सोसायटीला तो लागत होता का? नसेल, तर का नव्हता, हे तुम्हीच तपासलं असेल. मग ‘जीएसटीशी संबंध आलेला नाही’ असं कशाला म्हणायचं?

‘मुलं आजारी पडली तर?’ या प्रश्नाबद्दल मला आधी एक कबुली द्यायची आहे. मीही तो विचारलाय, नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांत, बिनदिक्कत. एका बाईंनी मला उलट विचारलं, ‘साहेब, तुमची मुलं आजारी पडली की रजा कोण घेतं?’ मला उत्तर सुचलं नाही. त्या बाईंना आम्ही घेतलं का? नाही. आमच्या प्लँट हेडना त्या उद्धट वाटल्या, आणि मी गप्प बसलो. नोकरीवर घेताना बाई म्हणून वेगळी वागणूक द्यायची नाही, हे समान वेतनाच्या कायद्यात १९७६ पासून लिहिलेलं होतं. माझ्या कपाटात त्या कायद्याचं पुस्तकही होतं.

पण टेबलावर कायदा काढून ठेवलात तर नोकरी मिळत नाही, हेही खरं. राग गिळून, शांतपणे, कामाच्याच भाषेत उत्तर द्या. ‘घरी सोय केलेली आहे. अडचण सगळ्यांनाच येते, पण ७, ११ आणि २० या तारखांना या कामात गैरहजर राहून चालत नाही, हे मला माहीत आहे.’ बघा, प्रश्न मुलांचा होता आणि उत्तर रिटर्नच्या तारखांचं झालं. समोरचा अकाउंट्सवाला असेल तर तो तिथेच मान हलवेल.

प्रश्न : नाशिकला अंबडमध्ये मेंटेनन्सला आहे. सध्या हातात २८ हजार पडतात. चाकणच्या कंपनीने ‘अपेक्षा किती?’ विचारलं. मी घाबरत ‘साडेचार लाख’ म्हणालो. ते म्हणाले, ‘चार ऐंशी देतो.’ मी लगेच हो म्हणून आलो. आता मित्र म्हणतात, फसलास. पुढच्या वेळी सध्याचा पगार फुगवून सांगावा का?

उत्तर : फुगवू नका, तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणि बँकेचं स्टेटमेंट मागतात. फसलात की नाही ते मांडून बघू. चार लाख ऐंशी हजार म्हणजे महिना ४०,०००. बेसिक निम्मं, २०,००० धरा. कंपनीचा पीएफचा १२ टक्के हिस्सा यातच मोजलेला असतो, ते २,४०० गेले. ग्रॅच्युइटी बेसिकच्या ४.८१ टक्के, ते ९६२ गेले. मग तुमचा स्वतःचा पीएफ २,४०० आणि प्रोफेशन टॅक्स २००. हातात उरले ३४,०३८. कंपनी पीएफ पंधरा हजारांच्या मर्यादेवरच कापत असेल तर थोडे जास्त. पण ‘व्हेरिएबल’ (कामगिरीवर मिळणारा भाग) म्हणून दहा टक्के बाजूला काढलेले असतील तर महिन्याचे आणखी ४,००० वजा करा, तीस उरले. नाशिकचं घर सोडून चाकणला खोली आणि खानावळ धरलीत तर दोन हजारांच्या वाढीत ते बसतंय का, ते तुम्हीच सांगा.

तेव्हा ‘अपेक्षा किती?’ याचं उत्तर वर्षाच्या लाखांत देऊ नका. ‘सध्या हातात २८ पडतात, गाव बदलायचं आहे, हातात ३६ च्या आसपास पडावेत’ असं म्हणा, आणि ऑफर लेटरमध्ये बेसिक आणि व्हेरिएबल किती हे विचारा. असं विचारल्यावर कोणी नोकरी नाकारल्याचं मी पाहिलेलं नाही. न विचारता रुजू होऊन पहिल्या पगाराच्या दिवशी माझ्या टेबलाशी येऊन भांडणारे मात्र दरवर्षी पाहिले.

प्रश्न : मी परभणीचा, पुण्यात बी.ई. कॉम्प्युटर केलं, वाकडला मित्रांसोबत राहतो. ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ म्हटलं की घसा कोरडा पडतो. इंग्रजी वाचता येतं, बोलताना अडतं. शिवाय एम-थ्रीला (इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या गणिताला) एटीकेटी होती, ती विचारतात. ‘आजारी होतो’ म्हणू का?

उत्तर : तुला अरेतुरे करतो, माझ्या नातवापेक्षा थोडाच मोठा आहेस.

या महिन्यात सगळेच आजारी दिसतात! एम-थ्री राहिला तर राहिला. पुण्यात इंजिनीअरिंग केलेला समोर बसला असेल तर त्याचाही राहिलेला असण्याची शक्यता बरीच आहे. ‘पहिल्या वेळी शेवटच्या आठवड्यावर ठेवलं आणि राहिला, दुसऱ्या वेळी सुटला’ असं तुझं जे काही खरं असेल ते सांग आणि पुढे हो. तू जितका वेळ तिथे रेंगाळशील तितका तोही रेंगाळेल.

‘टेल मी अबाउट...’चं असं आहे की नाव, गाव, टक्के त्यांच्या हातातल्या कागदावर आहेतच. ते परत वाचून दाखवू नकोस. ‘मायसेल्फ’ने सुरुवात तर मुळीच नको. दोन वाक्यांत शिक्षण, मग सरळ प्रोजेक्ट. तिथे खरा प्रश्न येतो : ‘चौघांच्या ग्रुपमध्ये तू काय केलंस?’ ‘वी डिड’ म्हणत राहिलास की ते ओळखतात. लॉगिनचं पान तू लिहिलं असशील तर लॉगिनचं पानच सांग, पण त्यात पासवर्ड कसा साठवला, काय चुकलं आणि ते कसं सापडलं, हे शेवटपर्यंत सांग. प्रोजेक्ट विकत आणला असेल तर मला कळवू नकोस. आज रात्री बसून त्यातला एक भाग तरी स्वतः पुन्हा लिहून काढ.

इंग्रजीसाठी तीस दिवसांत फाडफाड बोलायला शिकवणाऱ्या कोर्सला पैसे घालू नकोस. तुझ्या प्रोजेक्टबद्दल बोलायला किती क्रियापदं लागतात? मोजून वीस. लिहिलं, तपासलं, बिघडलं, दुरुस्त केलं, जोडलं, काढून टाकलं. त्या विसांची छोटी वाक्यं कर आणि वाकड ते हिंजवडी बसमध्ये तोंडातल्या तोंडात म्हणत जा. सुरुवातीलाच विचारून घ्यायलाही हरकत नाही : ‘मध्ये अडलो तर एखादी गोष्ट हिंदीत सांगितली तर चालेल का?’ बरेच जण हो म्हणतात. परदेशी ग्राहकाशी रोज फोनवर बोलायची नोकरी असेल तर नाही म्हणतील, आणि तिथे त्यांचं बरोबर असेल.

प्रश्न : मुलाला पुण्यातल्या एका मोठ्या कंपनीचा मुलाखतीचा मेल आलाय. नोंदणी आणि गणवेशाचे साडेतीन हजार आधी भरायचे आहेत, मुलाखतीनंतर परत मिळतील म्हणतात. तुमची तिथे ओळख असल्यास शब्द टाकावा. — एक वडील, लातूर

उत्तर : भरू नका. नोकरी देण्याआधी पैसे मागणारी कंपनी ती कंपनी नव्हे. त्या मेलमधला फोन नंबर सोडून, कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच्या नंबरवर एकदा फोन करून खात्री करा. पैसे गेलेच असतील तर १९३० या हेल्पलाइनवर लगेच कळवा. ओळखीचं म्हणाल तर निवृत्त माणसाला गेटवरचा वॉचमनसुद्धा पास लिहायला लावतो.

प्रश्न : मुलाखतीच्या शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचं आहे का?’ म्हणतात. मी नेहमी ‘नाही’ म्हणते. मैत्रीण म्हणते, काहीतरी हुशार विचारायचं असतं. काय विचारू? — एक वाचक, सांगली

उत्तर : हुशार नको. रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात ज्यामुळे तुमचं अडेल, ते विचारा. माझ्या हाताखाली कोण असेल, आधी या जागेवर कोण होतं आणि ते का गेलं, प्रोबेशन किती महिन्यांचं, कामाला बस आहे का.

१९८७ च्या माझ्या मुलाखतीत मलाही तोच प्रश्न आला होता. टाइम ऑफिस सकाळी सातला उघडायचं आणि आमच्या गावाहून पहिली एस.टी. भोसरीला साडेसातनंतर पोहोचायची. अंगावर थोरल्या भावाचा शर्ट, मनगटं झाकून पुढे येत होता. मी विचारलं, ‘साहेब, खोली मिळेपर्यंत पंधरा दिवस दुसरी पाळी मिळेल का?’ तिघे एकमेकांकडे बघून हसले. मला वाटलं, संपलं. मधल्या साहेबांनी विचारलं, ‘पंधरा दिवसांत खोली मिळेल कशावरून?’ मी म्हणालो, ‘आत्ता इथून निघालो की तेच बघायला जाणार आहे.’

तेरा दिवसांत मिळाली. चौदाव्या दिवशी पहिल्या पाळीला हजर होतो, सातला पाच कमी असताना.